काकूंचं आधारवर्ष

काकूंना राग आला की चादरी सुंदर निघतात. मोठ्या रूळ-इस्त्रीवर जी कोणी उभी असेल तिला त्या कोपराने बाजूला सारतात आणि ओल्या चादरीची दोन टोकं धरून ती रुळांत अशी सोडतात, की पलीकडून निघणाऱ्या कापडाला सुरकुती पडायची छाती होत नाही. लाँड्रीतल्या सात जणी हे ओळखून आहेत. घडी नेहमीपेक्षा कडक निघाली की त्या आपसांत बोलायच्या थांबतात. गेली दोन वर्षं लाँड्रीत फारसं कुणी बोलत नाही.

काकू नात्याने इथल्या कुणाच्याच काकू नाहीत. त्या लाँड्रीच्या मालकीण आहेत. मालकीण म्हणजे जिला रजा मिळत नाही अशी कामगार. विशीच्या आत त्या शहरातल्या मोठ्या हॉटेलच्या तळघरात धुण्याच्या कामाला लागल्या. वर संगमरवर, खाली वाफ. तळघराला खिडकी नव्हती, त्यामुळे बाहेरची हवा त्यांना कपड्यांवरून कळायची. टॉवेलांना चिखल म्हणजे पाऊस, उशीच्या अभ्र्यांना घाम म्हणजे उन्हाळा. अशा बेताने पंचवीसेक ऋतू बघून त्या तळघराच्या मुकादम झाल्या.

मग एका नव्या व्यवस्थापकांना साक्षात्कार झाला, की हॉटेलचा धंदा पाहुणे सांभाळण्याचा आहे, धुणं धुण्याचा नाही. इतकी वर्षं ही गोष्ट कुणाच्या लक्षात आली नव्हती. तळघर बंद करायचं ठरलं. काकूंना सांगण्यात आलं, की बॉयलर, धुण्याची यंत्रं, इस्त्रीचे रूळ, सगळं भंगाराच्या भावात तुम्ही घ्या आणि आमचंच काम बाहेर करून द्या. काकूंच्या नवऱ्याने, जो हॉटेलची सामानाची गाडी चालवायचा, विचार करायला एक रात्र मागितली. काकूंनी ती दिली नाही. बस दुरुस्तीच्या कारखान्यामागची पत्र्याची शेड भाड्याने घेतली गेली. बॉयलर क्रेनला लटकून भर दुपारी रस्त्यातून आला. मागोमाग तळघरातल्या सात जणी आल्या. आणि दुसऱ्या दिवसापासून त्याच चादरी, त्याच हातांनी, त्याच बॉयलरच्या वाफेवर धुतल्या जाऊ लागल्या. फरक एवढाच झाला, की धुराचा पत्ता बदलला.

या फरकाला पुढे फार महत्त्व येणार होतं. तेव्हा कुणाला ते ठाऊक नव्हतं, निदान शेडमध्ये तरी नाही.

तळघरात असताना जळणाचं तेल कुठून येतं याचा विचार काकूंनी कधी केला नव्हता. ते कुठल्यातरी खात्यातून यायचं. आता ते स्वतःच्या कनवटीतून येऊ लागलं, तशी बॉयलरकडे बघायची त्यांची नजर बदलली. उघड्या नळ्यांतून वाफेची धग नुसतीच पत्र्याला जाते हे बघून त्यांचा जीव तुटू लागला. त्यांनी हॉटेलची फाटकी, टाकून दिलेली ब्लँकेटं गोळा केली आणि प्रत्येक नळीला गुंडाळून वर सुतळीने आवळली. शेड हाडांच्या दवाखान्यासारखी दिसू लागली. शेवटच्या विसळणीचं ऊन पाणी पूर्वी गटारात जायचं. ते टाकीत साठवून पुढच्या धुण्याच्या पहिल्या पाण्याला वापरू लागल्या. वाफेचं पाणी होऊन परत येतं तेही बॉयलरला परत पाजू लागल्या.

"नळ्यांना एवढं पांघरूण घालतेस," नवरा म्हणायचा, "मला कधी घातलं नाहीस."

"तुमच्यातून वाफ जात नाही हो. नुसता आवाज येतो."

हे सगळं त्यांनी पृथ्वीसाठी केलं नाही. पृथ्वीची आणि त्यांची तोवर ओळख करून दिलेली नव्हती. ती हॉटेलच्या पत्राने करून दिली.

पत्राची सुरुवात 'प्रिय सहप्रवासी' अशी होती. हॉटेल हे पुष्कळ हॉटेलांच्या एका साखळीतलं एक, आणि त्या साखळीने आता कार्बन कमी करण्याचं विज्ञानाधारित लक्ष्य स्वीकारलं होतं. विज्ञानाचं म्हणणं साधं आहे आणि त्यात खोट काढायला जागा नाही. पृथ्वी फार तापू द्यायची नसेल, तर आणखी किती धूर तिला सोसेल याला एक हद्द आहे. ती हद्द सांभाळायची तर सगळ्यांनी मिळून दरवर्षी किती घट करायला हवी, ते शास्त्रज्ञांनी काढून ठेवलं आहे. कंपनीने एक वर्ष धरायचं, त्याला आधारवर्ष म्हणतात. त्या वर्षीचा आपला धूर मोजायचा, आणि तिथून पुढे उतरत जाणारी रेघ आखायची. साधारण दहा वर्षांत निम्म्याच्या आसपास. एक तटस्थ संस्था ती रेघ तपासून शिक्का मारते. रेघ दोन प्रकारच्या धुरांची काढायची असते: एक आपण स्वतः केलेला, आणि दुसरा, दुसऱ्यांनी आपल्यासाठी केलेला.

स्वतःचा धूर कमी करण्यात हॉटेलने चांगली प्रगती केली होती. त्यातली एक प्रगती काकूंच्या शेडमध्ये पांघरुणं घेऊन उभी होती. आता दुसऱ्या धुराची पाळी होती. म्हणून साबणवाला, दिवेवाला, गालिचेवाला, लाँड्रीवाली, अशा सगळ्या सहप्रवाशांनी आपापली लक्ष्यं घ्यावीत, शिक्का मारून आणावा, असं पत्रात म्हटलं होतं. ज्यांना हे जमणार नाही त्यांचा प्रवास कुठे संपेल हे शेवटच्या ओळीत नम्रपणे सुचवलं होतं.

अर्ज संगणकावर भरायचा होता. तो सून भरायला बसली. काकू तिच्या खुर्चीमागे उभ्या राहिल्या, नवरा दारात चहा घेऊन.

"आई, आधारवर्ष विचारताहेत. गेल्या पाच वर्षांतलं कुठलंही एक. त्या वर्षी तेल किती जाळलं ते लिहिलं, की किती टन धूर झाला ते आपोआप येतं."

"कुठल्या वर्षी कमीत कमी जाळलं?"

सुनेने बिलं चाळली. पहिल्या वर्षी दोनशेसाठ टन धूर होता, अलीकडे दोनशेवीस, दोनशेतीस. मधल्या एका वर्षी एकशेतीस.

"हे बघ!" काकूंचा चेहरा उजळला. "ब्लँकेटं गुंडाळली ते वर्ष. हेच टाक."

"पण आई, इथून पुढे आणखी कमी करायचंय ना? मग जरा जास्तीचं वर्ष—"

"गुणपत्रिका दाखवायची तर चांगल्या वर्षाची दाखवायची की नापासाची? टाक म्हणते ना."

"टाक गं," नवरा दारातून म्हणाला. "नाहीतर आज संध्याकाळी चादरींबरोबर आपल्यालाही रुळातून काढतील."

सुनेने एकशेतीस टाकलं.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. वजन कमी करायच्या पैजेला बसणारा शहाणा माणूस पहिल्या दिवशी काट्यावर जेवून चढतो. जमलं तर खिशात दगड घेऊन चढतो. मोठ्या कंपन्या यासाठी सल्लागार नेमतात. आधारवर्ष म्हणून ते असं वर्ष हुडकतात, की ज्या वर्षी सगळंच बिघडलेलं होतं. हॉटेलने निवडलेलं वर्ष हे तळघर चालू असण्याचं शेवटचं वर्ष होतं. त्याच वर्षी गारव्याची जुनी यंत्रंही गळत होती, आणि त्यांतून सुटणारा वायूही धुरातच धरतात. इतकं गुणी वर्ष पुन्हा येणं नाही. काकू मात्र उपाशीपोटी चढल्या, आणि वर ताठ उभ्या राहिल्या.

तटस्थ संस्थेने महत्त्वाकांक्षेबद्दल अभिनंदन करून शिक्का मारला.

दोन वर्षांनी पत्र आलं ते लाल पट्टीचं होतं. आपला प्रत्यक्ष धूर दोनशेवीस टन असून तो आपण स्वीकारलेल्या रेघेच्या फारच वर आहे. वर्षअखेर सुधारणा न दिसल्यास सहप्रवाशांच्या यादीचा फेरविचार करावा लागेल. हॉटेल म्हणजे काकूंच्या कामातले दहातले नऊ हिस्से. उरलेल्या एका हिश्शात एक वसतिगृह आणि एक न्हाव्याचं दुकान. न्हाव्याच्या पंच्यांवर सात जणींचे संसार चालत नाहीत.

पत्र वाचून काकूंनी दुपारपर्यंत इस्त्री केली. मग अॅप्रन काढला आणि हॉटेलवर गेल्या.

प्रवेशदालनात पूर्वी जिथे कारंजं होतं तिथे आता एक मोठा पडदा होता. त्यावर एक हिरवी रेघ डावीकडून उजवीकडे उतरत यायची, आणि खाली पोचली की तिला पानं फुटायची. काकू ती दोनदा उतरताना बघत उभ्या राहिल्या. रेघेच्या पहिल्याच वर्षी एक ठसठशीत पायरी खाली आली होती. ते वर्ष त्यांना चांगलं आठवत होतं. क्रेन लागली होती.

पाचव्या मजल्यावर शाश्वतता अधिकारी बसायच्या. त्यांना काकू शाश्वत मॅडम म्हणत. सुनेच्या वयाची मुलगी, बोलायला चांगली. तिची नोकरी एकेका वर्षाच्या करारावर होती.

"काकू, बसा ना. मी तुम्हाला फोन करणारच होते."

"मी उभीच बरी. हे लाल काय आहे?"

"अहो, तुम्ही आधारवर्ष म्हणून हे वर्ष का घेतलंत?"

"चांगलं होतं म्हणून."

"तेच तर! चांगलं वर्ष कुणी घेतं का?" तिने संगणकाचा पडदा वळवला. "आणि काकू, त्या वर्षी आमचे वरचे दोन मजले डागडुजीसाठी बंद होते. जवळजवळ वर्षभर. तुमच्याकडे कपडेच कमी आले होते."

त्या वर्षी गाडीची दुपारची फेरी नसायची. नवरा जेवून चक्क झोपायचा. हे काकूंना माहीत होतं. ब्लँकेटांच्या कौतुकात ते त्यांनी कधी जोडून पाहिलं नव्हतं.

"म्हणजे माझ्या पांघरुणांनी काहीच झालं नाही?"

"झालं ना. पंधरा टक्के तरी नक्की."

"पंधरा टक्के थोडे असतात का?"

"खूप असतात, काकू. आमच्या अख्ख्या साखळीने इतक्या वर्षांत खरोखरीचं जे काही—" ती थांबली. उठून तिने खोलीचं दार लावलं. दार लावल्यावर वाक्य पुरं करायचं मात्र राहून गेलं.

काकूंना राग पहिल्यांदा स्वतःचा आला. तो फार वेळ टिकला नाही, कारण दुसरे हक्कदार पुष्कळ होते.

"बरं, चुकलं माझं. आता कमी करायचं ना? करते. गेल्या महिन्यात मी पाणी सत्तर अंशांवरून पन्नासवर आणलं. डाग निघतात तितकेच. तुमच्याच लोकांनी सगळी गाठोडी परत पाठवली. म्हणे, सत्तरचा नियम आहे."

"तो दर्जा विभाग आहे, काकू. तो वेगळा."

"आणि न्हाणीघरात ती चिठ्ठी लावलीय तुम्ही, 'पृथ्वीसाठी टॉवेल पुन्हा वापरा'. पाहुणा बिचारा वापरतो, नीट वाळत घालतो. तुमची माणसं तो काढून माझ्याकडे पाठवतात. कोरडा! घडी न मोडलेल्या चादरी येतात माझ्याकडे. त्या मी धुते, उकळते, इस्त्री करते, आणि तो धूर कुणाचा? माझा!"

"खोली एकदा उघडली की सगळं बदलायचं असा नियम आहे. तो पाहुणचार विभाग."

"आणि तुमचा विभाग कुठला?"

"मी फक्त मोजते."

हे तिने अगदी खरेपणाने सांगितलं. बाहेर गेल्यावर सुचलेलं त्यांनी पुढे बरेच दिवस इस्त्रीच्या रुळांना ऐकवलं. पण तिथे त्यांनी एकच विचारलं.

"खालच्या पडद्यावर ती रेघ धपकन खाली येते ना, ती माझा बॉयलर बाहेर गेला म्हणून. बॉयलर काय ढगात गेला? बस कारखान्यामागे तर गेला. मग तो तुमच्या रेघेतून पुसला कसा?"

"नियम आहे त्याला," मुलगी हळू आवाजात म्हणाली. "आपण एखादं काम बाहेर दिलं, तर जुन्या वर्षातूनही त्याचा धूर वजा करायचा. म्हणजे नुसतं बाहेर ढकलून कमी झालं असं दाखवता येत नाही. नियम चांगला आहे."

"मग?"

"बदल मोठा असेल तर करायचा. आम्ही हद्द पाच टक्के ठरवलीय. सगळ्या हॉटेलांच्या लाँड्र्यांचा मिळून धूर चार पॉइंट नऊ टक्के आला."

"कुणी काढला?"

"सल्लागारांनी."

"वजन करून बघितला का गं त्यांनी? अंगठा न ठेवता?"

मुलीने खणातून एक कागद काढला. तो तिच्या वरच्यांनी तयार करून ठेवला होता; तिने फक्त द्यायचा होता. दुरुस्ती-पत्र. 'आधारवर्षातील एकशेतीस टन हा आकडा नजरचुकीने नोंदवला गेला असून प्रत्यक्ष आकडा तीनशेदहा टन असा वाचावा.' खाली काकूंच्या सहीसाठी जागा.

"तीनशेदहा?" काकूंनी कागद दूर धरून वाचला, मग जवळ धरून वाचला. "एवढं तेल जाळायला मला दुसरा बॉयलर लागेल. हा आकडा कुठल्या वर्षाचा?"

"कुठल्याच नाही. पण तो टाकला, की आजचे दोनशेवीस तुमच्या रेघेच्या खाली येतात. लाल पट्टी जाते."

"आणि खराच टाकायचा तर? नेहमीच्या वर्षाचा, दोनशेतीस?"

"ते मीही विचारलं. मग मजले बंद होते हे कारण लिहावं लागेल. मग संस्था त्या मजल्यांच्या निमित्ताने आमचा हिशोबही तपासेल, आणि आमचंही आधारवर्ष पुन्हा उघडेल." तिने कागदाकडे बघत सांगितलं. "ते वरच्यांना नकोय. नजरचूक लिहिली की कुणी उघडत नाही."

"म्हणजे चूक माझी, खोटं तुमचं, आणि सही पुन्हा माझीच."

"काकू, मी तुमच्या जागी असते तर केली असती."

"तू माझ्या जागी नाहीयेस गं. तू स्वतःच्या जागी तरी आहेस का, बघ एकदा."

हे बोलणं कठोर झालं. जिन्यावरच काकूंना ते लागलं, पण परत जाऊन मागे घेण्याइतकं नाही.

घरी आणि शेडमध्ये, म्हणजे एकाच ठिकाणी, कागद इस्त्रीच्या टेबलावर पसरला गेला. सुनेने मोठ्याने वाचला. नवरा म्हणाला, करून टाक, आपलं काय जातं. काकू उसळल्या.

"काय जातं? तीनशेदहा लिहिलं म्हणजे काय होतं, कळतं का तुम्हाला? म्हणजे मी उधळी होते. नळ्या उघड्या टाकून पत्रा तापवत बसले होते. आणि मग यांनी मला अक्कल शिकवली, तेव्हा कुठे दोनशेवीसवर आले. ती ब्लँकेटं मी बांधलीच नाहीत, ते ऊन पाणी मी धरलंच नाही. अहो, माझ्या इतक्या वर्षांच्या कामावर मी स्वतःच्या हाताने बोळा फिरवायचा?"

"नळ्यांना काय कळतंय, कागदावर काय लिहिलंय," नवरा म्हणाला.

"मला कळतंय ना!"

सात जणींपैकी सगळ्यांत जुनी होती तिला थोरली म्हणत. तळघरात ती काकूंच्याही आधीपासून होती, त्यामुळे काकूंना 'अगं' म्हणायचा हक्क तिला होता. ती तो राखून वापरायची. त्या दिवशी तिने घडी घालायची थांबवली.

"झालं बोलून? मग आता माझं ऐक. नाही केलीस सही, तर वर्षअखेर गाडी रिकामी येईल. तू न्हाव्याचे पंचे धुवून जगशील, तुझा मुलगा कमावता आहे. आम्ही काय करायचं?"

"अगं पण खोटं—"

"खोटं त्यांचं. नाव तुझं. अपमान होतोय, दिसतंय मला. पण तुझा मान सांभाळायला आमची चूल का विझवतेस?"

बाकीच्या सहा जणी चादरींकडे बघत होत्या. थोरली बोलली ते त्यांनी आधी आपसांत ठरवलेलं होतं, हे काकूंना त्यांच्या न बघण्यावरूनच कळलं. काकूंचा राग ज्याच्यावर निघायला हवा होता तो पाचव्या मजल्याच्याही वर कुठेतरी बसत होता, आणि इथे समोर होत्या त्या या. यांच्यावर रागवायची सोय नव्हती. हाही त्या कागदाचा एक गुणच म्हणायचा: तो आणला कुणी, लिहिला कुणी, आणि भांडण लागलं कुणाकुणात.

काकूंनी सही दुसऱ्या दिवशी सकाळी केली. पेन इतकं दाबलं, की ती खालच्या टेबलाच्या कापडावरही उमटली.

त्या सहीचा परिणाम विज्ञानाच्या इतिहासात नोंद घेण्यासारखा होता. तेल तेवढंच जळत होतं, चादरी तेवढ्याच येत होत्या, त्यांतल्या न झोपलेल्या चादरीही नेमाने येत होत्या. पण काकूंचा धूर एका सकाळीत नव्वद टनांनी कमी झाला, तोही मागच्या तारखेपासून. त्यांच्यासोबत हॉटेलचा, म्हणजे दुसऱ्यांनी हॉटेलसाठी केलेला, धूरही तेवढा उतरला. हवेला ही बातमी कुणी कळवली नाही.

महिन्याभरात निमंत्रण आलं. सहप्रवाशांचा मेळावा, हॉटेलच्याच मोठ्या सभागृहात, आणि काकूंना मानचिन्ह. काकू जाणार नव्हत्या. थोरली म्हणाली, जा, नाहीतर पुन्हा कुठला तरी रंग बदलेल पट्टीचा. काकू गेल्या. टेबलांवरची पांढरी कापडं त्यांनीच आदल्या दिवशी पाठवलेली होती. बसल्या बसल्या त्यांनी सवयीने एकाची कड सरळ केली.

व्यासपीठावर साखळीचे कोणी साहेब होते. शाश्वत मॅडम कोपऱ्यात हातात यादी धरून उभी होती. पडद्यावर काकूंची रेघ दाखवली गेली: वर तीनशेदहा, खाली दोनशेवीस, शेवटी पानं. साहेबांनी मानचिन्ह दिलं, टाळ्या थांबायची वाट पाहिली आणि ध्वनिवर्धक काकूंच्या तोंडापुढे धरला.

"एवढ्या छोट्या उद्योगाने एवढी मोठी घट! आपल्या इतर सहप्रवाशांना सांगा काकू, तुम्ही नेमकं काय केलंत?"

"सही केली," काकू म्हणाल्या.

सभागृह हसलं. साहेबही हसले. कोपऱ्यातली मुलगी यादी वाचू लागली.

"म्हणजे निर्धारावर सही! वा. आणि प्रत्यक्षात?"

"प्रत्यक्षात काही नाही. बॉयलर तोच. तेल तेवढंच. तुम्ही कागद पाठवलात, मी सही केली. झाले नव्वद टन कमी."

काकूंचा आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर कदाचित कुणी ऐकलं असतं. साहेब ध्वनिवर्धक स्वतःकडे वळवून म्हणाले, की हीच ती विनम्रता, जी मोठ्या कंपन्यांनी लहानांकडून शिकायला हवी. पुन्हा टाळ्या झाल्या. काकूंनी आयुष्यात पुष्कळ शिव्या खाल्ल्या होत्या, पण विनम्र त्यांना आजवर कुणी म्हटलं नव्हतं. पायऱ्या उतरताना त्यांचे कान तापले होते.

खाली चहा चालू होता. साबणवाला लगबगीने आला. मागे दिवेवाला होता. दोघंही सहप्रवासी, दोघांच्याही खिशात लाल पट्टी.

"काकू, एक विचारू? आम्ही ते विनम्रताबिनम्रता काही समजलो नाही हां. आम्ही शब्द नि शब्द ऐकला." साबणवाल्याने आवाज खाली घेतला. "तो कागद मागायचा कुणाकडे? पाचव्या मजल्यावर ना?"

"कशाला?"

"कशाला काय! मी अजून धूर मोजलेलाच नाही, म्हणून तर लाल पट्टी. तुम्ही प्रामाणिकपणे मोजलात म्हणून अडकलात. मग म्हटलं, मोजायचा त्रास तरी कशाला घ्यायचा? थेट सहीच करून टाकू."

काकूंनी त्याच्याकडे पाहिलं. इतका वेळ जो राग पाचव्या मजल्याच्या वरच्या पत्त्यावर पाठवायचा होता, तो त्यांनी हातातल्या कपासकट टेबलावर आदळला. बशीतला चहा पांढऱ्या कापडावर पसरला. आजूबाजूच्या दोघातिघांनी वळून पाहिलं.

"मोज," त्या म्हणाल्या. "आधी मोज, मग सही कर. खोटं बोलायचंच आहे ना? मग किती खोटं बोलतोयस ते निदान तुला तरी माहीत असू दे."

"बरोबर आहे, बरोबर आहे," साबणवाला घाईने म्हणाला. मान मात्र त्याची व्यासपीठाकडे वळलेली होती. तिथल्या पडद्यावर काकूंची रेघ अजून वरून खाली उतरत होती. त्याने खिशातून पेन काढलं आणि तळहातावर लिहून घेतलं: तीनशेदहा.